अर्धी गोळी

धुळ्याच्या एका दवाखान्यात मी गोळ्या मोजायची नोकरी केली. हृदय अशक्त झालेल्या म्हाताऱ्या माणसांवर नव्या औषधाची चाचणी चालली होती. कुणाच्या बाटलीत खरं औषध आणि कुणाच्या नुसत्या भुकटीच्या बिनऔषधी गोळ्या, ते मलाही ठाऊक नसे. महिन्याने माणसं आली की उरलेल्या गोळ्या मोजायच्या, तक्त्यात लिहायच्या. माझा आकडा कधी चुकत नाही याचा मला फार तोरा होता.

पिंपळनेरकडचे दोघे भाऊ एसटीने बरोबरच यायचे. थोरल्यांना मी आबा म्हणे, धाकट्यांना नाना. दोघांचेही पाय सुजलेले, दोघांनाही चार पावलांत धाप. आबांना चाचणीत घेतलं. नानांचं मूत्रपिंड बिघडलेलं निघालं, म्हणून नियमाने वगळलं. "नाना, तुम्ही यात बसत नाही," रॉकेल संपलं म्हणून सांगावं तशा कोरड्या आवाजात मी सांगितलं. नंतरही ते दर महिन्याला भावासोबत येऊन बाकावर बसायचे. मी त्यांना कधी काही विचारलं नाही.

आबांच्या बाटलीचा हिशेब दर वेळी बरोबर भरे. एक गोळी इकडची तिकडे नाही. मी त्यांचं कौतुक करायची, आणि अंगात पाणी साठून वजनकाटा मात्र चढतच होता. एकदा बाटलीच्या तळाशी पांढरा चुरा दिसला. एसटीच्या गचक्यांनी झाला असेल म्हणून मी तो झटकून टाकला.

पोळा झाल्यावर नाना एकटेच आले. आबा गेले होते. नियमाप्रमाणे मी बाटली परत मागितली, त्यांनी दिली. मग खिशातली कागदाची पुडी माझ्यापुढे उलगडली. आत अर्धी गोळी होती.

"अडकित्तावर फोडीसन अर्धी भाऊले, अर्धी माले," ते म्हणाले. "बठ्ठं वाटीसनच खादं आम्ही."

जन्मभर सुपारीचं खांड एकट्याने तोंडात न टाकलेली माणसं ती. मला त्यांचा संताप आला, मग स्वतःची शिसारी. अर्ध्या औषधाने आबा गेले, की बाटलीत औषधच नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही.

"ही भाऊना वाटानी ऱ्हायनी शे. आते मी लेऊ का?"

भावाच्या वाटची ती अर्धी घ्यायला मी नाही म्हणाले आणि पुडी काढून घेतली. ते उठले. तेव्हा कुठे मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. ते अनवाणीच आले होते. सुजलेले पाय चपलांत शिरत नव्हते.