हव म्हणजे हो नव्हे

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर ताटांपेक्षा नकाशेच जास्त होते. मुलगी पल्लवी मे महिन्यात उत्तराखंडात बर्फातला ट्रेक करणार होती. मी म्हटलं, "मले पण ने."

"और आपका घुटना?" पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच.

"काहून, गुडघ्याले काय धाड भरली?"

शेवटी तिने अट घातली. आधी सिहावाच्या जंगलात एक दिवस. स्वतःची बॅग, तीन लिटर पाणी, कुरकुर नाही. त्यात पास झालो तरच बर्फ. अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरीसमोर परीक्षा! मला खरंच धास्ती वाटत होती.

मार्चमधल्या रविवारी सकाळच्या बसने धमतरी गाठलं, पुढे जीप. डोंगराखालच्या गावात सुखबाई वाट दाखवायला तयार झाली. मोहाची फुलं वेचायला ती रोजच वर जाते. आधी तिने फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) आणि टमाट्याची चटणी खाऊ घातली. मी आठ फरे हाणले.

निघताना विचारलं, "दीदी, ऊपर नाले में पानी है ना?"

"हव."

हव म्हणजे छत्तीसगढीत हो. मी जन्माचा रायपूरचा, मला हे कोणी शिकवायला नको! बॅग खांदे ओढत होती, पल्लवी पुढे निघाली होती. मी तीनपैकी दोन बाटल्या गुपचूप सुखबाईच्या ओट्यावर ठेवून दिल्या.

सालाच्या झाडांतून चढ सुरू झाला. वाळलेली पानं पायाखाली वाजत होती, मोहाचा गोड वास होता आणि गुडघा चक्क गुमान चालत होता. खुशीत येऊन मी सुखबाईला माझ्या नोकरीतले किस्से सांगायला लागलो. ती प्रत्येक वाक्याला "हव, हव" करत होती.

नाला आला. ठणठणीत कोरडा.

"दीदी, पानी?"

सुखबाई पदर तोंडाला लावून हसली. "मैं त तुंहर गोठ सुनत रहेंव, भैया." (मी तर तुमचं बोलणं ऐकत होते.)

म्हणजे तिचं हव हा नुसता हुंकार होता! माझी बाटली केव्हाच संपली होती. बाकीच्या गळाल्या म्हणून सांगावं असं मनात आलं, पण जीभ रेटेना. "दोन बाटल्या खालीच ठेवून आलो," मी पल्लवीला म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने आपली बाटली पुढे केली. "घूँट-घूँट पीजिए." तेवढ्यावर आम्ही दोघं खाली उतरलो.

परतीच्या बसने धमतरी मागे टाकलं. न राहवून मीच विचारलं, "नापास ना मी?"

"पानी में फेल. पर आप झूठ भी बोल सकते थे."

"मग नेशील मले?"

"हव."

या शब्दाचा मी आता धसकाच घेतला होता. "हव म्हणजे हो, का नुसतं ऐकून राहिली?"

ती हसली. "म्हणजे चला, बाबा," ती म्हणाली. चक्क मराठीत. "पण बाटल्या मी मोजीन."