सहीसाठी ठेवलेलं कारण

“वाच. मोठ्यानं वाच.”

मीच टाइप केलेला कागद लेबर ऑफिसरनं माझ्या तोंडावर फेकला. सोलापुरातल्या एका गिरणीचं ऑफिस. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला. मी तिथं टायपिस्ट होतो. समोर गेनबा उभा. केम गावचा, आमच्याच महारवाड्यातला. तो रिंगखात्यात सूत काढायचा. कापड विणतात त्या साचेखात्यात घ्या, असा त्याचा अर्ज होता. तिथं पगार जास्त.

मी वाचलं, “क्लेम नॉट टेनेबल.”

“मंजी काय वो सायेब?” गेनबानं विचारलं.

“तुझा गाववालाच सांगेल की. सांग रे.”

“चालण्यासारखा नाही, सर.”

“चालायला अर्ज काय घोडा आहे? रोज टाइप करतो आणि अर्थ माहीत नाही! सवलतीचे मॅट्रिक हे असे.”

ऑफिस हसलं. मीही हसलो.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की कारागीर धाग्याचं टोक छिद्रातून तोंडानं ओढून काढी. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. आमच्या तोंडचा धोटा कुणाला नको होता. म्हणून साचेखात्यात आमचा एकही माणूस नव्हता.

गेनबा म्हणाला, “धागा वढायला तारंचा आकडा मिळतो की. त्यो द्या समद्यास्नी. मग कुनाची थुकी कुनाला लागंल?”

सगळे फायली चाळायला लागले. साहेबानं त्याला हाकललं. दारातून वळून तो मला म्हणाला, “जागा न्हाय, असं मनला व्हतास तू.”

म्हणालो होतो. फक्त त्यालाच नाही. आमच्यातला जो जो आला त्याला.

संध्याकाळी नवी पेठेतून सरळ वाचनालयात गेलो. इंग्रजी कोश काढला. टेनेबल. फ्रेंचमधून आलेला शब्द, मूळ लॅटिन. अर्थ धरून ठेवणं. शत्रू चालून आला तरी हातात राखता येईल तो किल्ला टेनेबल. हल्ला झाला तरी टिकेल तो विचार टेनेबल. मी पान उघडं ठेवून बसलो. गेनबाच्या म्हणण्यावर हल्ला कुणी केला होता? त्याच्या एका साध्या प्रश्नापुढं सगळं ऑफिस मुकं झालं होतं. पडलं होतं ते गिरणीचं म्हणणं. आणि पराभवाचा शिक्का मी गेनबावर मारला होता.

सकाळी साहेब म्हणाला, “तो कालचा कागद नीट टाइप करून सहीला आण.”

मी केला. मराठीत. ‘अर्जदार महार आहे. त्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नाही. म्हणून अर्ज नामंजूर.’ कागद त्याच्यापुढं ठेवला.

“हे काय आहे?”

“कारण. सही करा.”

तो पांढरा पडला. सही केली असती तर अस्पृश्यता पाळल्याबद्दल कोर्टात उभा राहिला असता.

“नोकरी नको झालीय तुला?”

“आधी सही करा, सर.”

त्यानं कागद फाडला. आठवडा संपायच्या आत मला काढलं. गेनबाला साचेखातं मिळालं नाही.

मी साहेबाची माफी मागितली नाही. ज्यांना ज्यांना ‘जागा नाही’ म्हणालो होतो, त्यांची नावं आठवून लिहून काढली. एकेकाच्या दारात जाणार. मी खोटं बोललो हे सांगणार, खरं कारण सांगणार. त्यांनी मारलं तर मार खाईन. पण प्रत्येकाला सरकारकडे तक्रार लिहून देईन, आणि साक्षीदार म्हणून खाली माझं नाव घालीन.

उद्या पहिलं दार गेनबाचं.