साडेचार मीटरची रेघ

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी अकरा वाजता खामगावच्या प्रशिक्षण वर्गात मी कॅडवर, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या प्रणालीत, काढलेला रस्त्याखालच्या मोरीचा नकाशा नापास झाला. वर्गातल्या नऊही आरेखकांचे नकाशे नापास झाले. त्याच प्रश्नपत्रिकेवर फेरपरीक्षा सोमवारी दुपारी दोनला ठरली.

बांधकाम खात्याच्या तालुका कार्यालयांत तेव्हा संगणक नुकतेच येऊ लागले होते. कॅड मी त्याच्या चार वर्षे आधी सहा आठवड्यांच्या वर्गात शिकले होते. परत आल्यावर कार्यालयात तोच ड्रॉइंग बोर्ड, तोच टी-स्क्वेअर. शिकलेले विसरायला वर्षही लागले नाही. चिखलीच्या आमच्या कार्यालयाला यंत्र मिळाले तेव्हा ही दहा दिवसांची उजळणी लागली. उजळणीला पाठवणाऱ्या पत्रात अट स्पष्ट होती. पास झाले तर यंत्र आणि पद दोन्ही चिखलीत. नापास झाले तर नकाशे बाहेरून करून घेणार आणि मला जळगाव जामोदला पाठवणार. माझे घर उंद्रीला. तिथून चिखली बसने रोज जाण्या-येण्यासारखी. जळगाव जामोद जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथे खोली करून राहावे लागले असते.

शनिवारी शिकवणारे सर माझ्या पडद्याजवळ उभे राहिले. वयाने ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते.

“मॅडम, ही डावीकडची भिंत किती लांब आहे?”

“साडेचार मीटर.”

“आकडा नका वाचू. रेघ विचारतोय.”

त्यांनी यंत्राला लांबी विचारली. चार मीटर पस्तीस. रेघ मी माऊसने अंदाजाने सोडली होती आणि आकडा वर हाताने टाइप केला होता. बोर्डावर आम्ही हेच करत आलो. शाईची रेघ थोडी हुकली तर ट्रेसिंगचा कागद खरवडायचा नाही, आकडा बरोबर लिहायचा. कोपऱ्यात ठरलेली सूचना असतेच: लिहिलेली मापे ग्राह्य, नकाशावरून मोजू नये.

माझ्या शेजारी जळगाव जामोदचे एक आरेखक बसत. नोकरी अठ्ठावीस वर्षांची. वर्गात सगळे त्यांना भाऊ म्हणत.

“काऊन हो सर,” भाऊ म्हणाले, “गवंडी काय नकाशाले पट्टी लावून पाह्यते का? आकडाच वाचते ना तो?”

वर्ग हसला. सरही हसले.

“गवंडी आकडाच वाचतो, भाऊ. पण दगड किती, सिमेंट किती, ते आता हे यंत्र काढणार. ते रेघ वाचतं.”

सर पुढच्या टेबलाकडे गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळले. “पाह्य बाई. आपला आकडा खरा, त्याची रेघ खोटी, अन् नापास आपन.”

“रेघ पण आपणच काढली, भाऊ.”

“हाव, थे बी खरं हाय.”

रविवारी घरी यंत्र नव्हते. मी प्रश्नपत्रिका समोर घेतली आणि मोरीचा एक कोपरा शून्य धरून बाकी प्रत्येक कोपरा तिथून किती आडवा, किती उभा, ते वहीत लिहून काढले. बिंदू हातात असले की माऊसने अंदाज करायची गरज नव्हती. अंगणात नवरा खामगावच्या बाजारासाठी वांगी निवडत होता.

“तू तिकडे गेली तं वांगे कोन तोडीन?”

“तुम्ही.”

“मंग पास होऊनच ये.”

सोमवारी दोन वाजता मी वही उघडून माऊस बाजूला सारला. प्रत्येक बिंदू कीबोर्डवरून दिला. तीनच्या सुमारास दर्शनी भिंत पूर्ण झाली. डावी भिंत साडेचार, पाणी जायचा मधला गाळा तीन पंचावन्न, उजवी भिंत साडेचार. यंत्राने एकूण लांबी बारा मीटर पंचावन्न दाखवली. प्रश्नपत्रिकेवर बारा साठ होती. पाच सेंटिमीटरचा फरक. आकड्यावर दोनदा क्लिक करून साठ लिहिणे दोन सेकंदांचे काम होते. मी तिन्ही मापे पुन्हा तपासली. तिन्ही बरोबर होती. मी हात वर केला.

“सर, कागद चुकला आहे.”

“काय म्हणता?”

“तुकड्यांची बेरीज बारा पंचावन्न होते. कागदावर बारा साठ आहे. मी रेघ बदलणार नाही, आकडाही बदलणार नाही. काय धरायचं ते तुम्ही लिहून द्या.”

सरांनी खिशातले पेन काढून प्रश्नपत्रिकेच्या मागे बेरीज मांडली. मग पुन्हा मांडली. आमच्याआधी तीन तुकड्या याच कागदावर शिकून गेल्या होत्या.

“आधी कोणाला कसं दिसलं नाही?” ते म्हणाले.

“दिसलं ना सर,” भाऊ म्हणाले. “शनिवारी मलेबी दिसलं. म्या पंचावन्नचे साठ करून देल्ले.”

मागून आणखी दोघांनी तसेच केल्याचे सांगितले. सरांनी फळ्यावर ‘बारा साठऐवजी बारा पंचावन्न धरा’ असे लिहिले, माझ्या कागदावर दुरुस्तीची सही केली आणि सगळ्यांना अर्धा तास वाढवून दिला. माझा नकाशा साडेचारला छापून निघाला. सरांनी सात ठिकाणी लांबी तपासली. सातही जुळल्या.

त्या दिवशी आम्ही पाच जण पास झालो. भाऊ बुधवारी, तिसऱ्या परीक्षेत झाले. पुढच्या आठवड्यात चिखलीच्या कार्यालयात पत्र आले. पद चिखलीतच राहिले.