एक्केचाळीस नंबर

निपाणीजवळच्या त्या गावात दूध डेअरीचा संगणक बावीस वर्षं जिनाप्पाच चालवत होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं. सभासदाचा नंबर टाकायचा, मापावरचा गडी भरमू ओरडेल ते लिटर टाकायचं, एक बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर. माउस लागतच नसे. बोटांना सगळं पाठ होतं.

ते बरंच होतं, कारण साखरेच्या आजारानं त्याचे डोळे नेले होते. समोरचं माणूस म्हणजे नुसता धुरकट ठिपका. हे फक्त बायकोला, चंदनाला ठाऊक. बाहेर कळलं तर खुर्ची जाणार. रांगेतला माणूस बोलला की जिनाप्पा आवाजावरून नंबर ओळखी. लोक म्हणत, अण्णांचं डोकं लई तल्लख!

दिवाळीनंतर सचिव गोमटेशनं इंटरनेटवर चालणारा नवा प्रोग्राम आणला.

"जुन्यात हुतं ते समदं ह्यात हाय अण्णा, वर देखणंबी हाय. फोटू बघायचा, टिचकी मारायची."

"नंबर टाकायची सोय न्हाय?"

"कशाला पायजे? आता शेंबडं पोरगंबी चालवंल."

जिनाप्पाला पडद्यावर रंगांचा चिखल दिसला. रविवारी झाडलोटीच्या निमित्तानं चंदना डेअरीत आली. फोटो नंबरानुसारच लावलेत, हे तिनं त्याला हळूच सांगितलं. कीबोर्डवरचं टॅबचं बटण जितक्यांदा दाबावं तितके फोटो पुढं सरकता येतं, हे त्यानं शोधलं. सोमवार निभावला. बटणं मोजताना वेळ लागला, रांग कुरकुरली, पण निभावला.

मंगळवारी रांगेत पहिलीच मालुबाई होती. एक्केचाळीस नंबर. त्यानं एक्केचाळीस वेळा बटण दाबलं. चिठ्ठी वाचून मालुबाई हसायला लागली.

"अवो अण्णा, माझ्या सासूला जाऊन दोन वर्सं झाली की! नागुबाई वरनं दूध घालाय आली व्हय?"

रांग खदखदली. जिनाप्पाही हसला. "बोट चुकलं गं." पुन्हा मोजलं, अगदी सावकाश. पुन्हा नागुबाई. काल ज्यांनी दूध घातलं त्यांचे फोटो प्रोग्रामनं आपणहून पुढं आणले होते, बाकीचे मागं सारले होते. लोकांची सोय म्हणून. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बघायला डोळे नव्हते.

आता कुणी हसलं नाही. मालुबाई खिडकीत वाकली. "अण्णा, पडद्यावर ह्यो म्होरला फोटू कुणाचा हाय?"

जिनाप्पाचं बोट पुन्हा टॅबच्या बटणावर गेलं.

गोमटेश मागंच उभा होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "उठा अण्णा," एवढंच म्हणाला, आणि खुर्ची धरून राहिला.

गुरुवारी जिनाप्पा घरची किटली घेऊन रांगेत उभा राहिला. खिडकीत गोमटेशची सून दिव्या बसली होती.

"बावीस नंबर," तो सवयीनं म्हणाला.

"नंबर चालत न्हाय आता. थांबा... घावलासा! फोटूत लई हसतायसा की अण्णा."

तो फोटो त्यानं कधी पाहिला नव्हता. हातात आलेली चिठ्ठी त्यानं डोळ्यांसमोर धरली, वाचल्यासारखी मान हलवली आणि खिशात घातली.