अर्थ लागला

शेजारच्या अण्णांच्या जुन्या मोटारीत, बॉनेटखाली, रुपयाएवढा रंग खरवडलेला आहे.

त्यांच्या मुलीने, नलूने, त्या गाडीचा कार्बुरेटर काढून विजेवर चालणारे फ्युएल इंजेक्शन बसवले. वायरिंगही तिचेच. पण इंजिन सुरू होई आणि लगेच बंद पडे. आज चालली नाही तर गाडी भंगारात, असे अण्णांनी बजावले होते.

“अण्णा, कशाचाच अर्थ लागत नाही,” ती वैतागली.

“मग अर्थच बघ की आधी!” अण्णा हसले. ते निवृत्त वायरमन. वीज परत नेणाऱ्या अर्थिंगच्या वायरीला ते आयुष्यभर ‘अर्थ’च म्हणत आले.

नलूने ती वायर अण्णांनी हौसेने दिलेल्या जाड रंगावरच आवळली होती. रंगातून वीज जात नाही. तिने पॉलिश पेपर उचलला.

“माझा रंग खरवडतेस?”

“रुपयाएवढाच हो.”

पत्रा लखलखला, वायर बसली, इंजिन सुरू झाले आणि सुरूच राहिले. वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून बातम्यांमधली विशेषणे खरवडण्यात माझी हयात गेली. अर्थ असाच लागतो.

आता अण्णा कुणाला रंग दाखवत नाहीत. बॉनेट उघडून त्या उघड्या ठिपक्यावर बोट ठेवतात. म्हणतात, “हे आमच्या नलूचं.”