ब्रेक इट डाउन, डॉक्टर

आमची मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ‘आ’, ‘बा’, आणि बाकी सगळं बोटानं दाखवणं. घरात आम्ही नवराबायको सांगलीकडचं मराठी बोलतो, गल्लीत तमिळ, तिच्या बालवाडीत इंग्रजी. ज्यानं त्यानं आपापला निकाल देऊन टाकला होता. बालवाडीतल्या मिस म्हणाल्या, घरात एकच भाषा ठेवा. गावाकडून आई फोनवर म्हणाली, परमुलखात लेकराची जीभ गोंधळली, तिला हिकडं आणून सोड. भट्टीपुढं बसलो तरी माझ्या डोक्यात एकच: ही बोलणार की नाही?

माझा धंदा गलाईचा. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करून द्यायचं. आमच्या भागातली घरंच्या घरं या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. मीही आठवीनंतर दप्तर ठेवलं आणि मामांच्या मागून चेन्नईला आलो. आल्या आल्या मामांनी एक रीत शिकवली. सराफ समोर बसून काही सांगत असला की मान हलवायची. ‘कळलं नाही’ म्हणायचं नाही. आमच्याकडं ‘कळलं नाही’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, याचा आपल्या मालावर विश्वास नाही. तो सोन्याची पुडी उचलतो आणि शेजारच्या भट्टीवर जातो. तेव्हापासून माझी मान आपोआप हलते.

अण्णा नगरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंपुढंही ती हलली. माझं तमिळ दुकानापुरतं: वजन किती, सोन्याचा टंच किती, उद्या या. पहिल्या दोन वाक्यांतच बाईंनी मला उत्तरेकडचा ठरवलं आणि सौजन्यानं इंग्रजी सुरू केलं. इथं हे नेहमीचंच. त्यांनी मुलीच्या कानात नळी घालून पाहिलं, संगणकाच्या पडद्यावर एक सपाट रेघ दाखवली, पुष्कळ काही सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “ओके?”

मी म्हणालो, “ओके.”

लिफ्टपाशी बायकोनं विचारलं, “काय म्हणाल्या?”

मी लिफ्टच्या आकड्यांकडं बघत राहिलो.

“म्हणजे तुम्हाला बी कळलं नाही? मग नंदीबैलावानी मान काय हलवत होता, अवो? मला वाटलं, बरं चाललंय सगळं!”

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं तंजावरकडचं मराठी, कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं. त्यांच्या मराठीला तमिळचा हेलकावा आहे, आणि त्यात असे शब्द आहेत की ऐकताना मला कुणी जुना पितळी डबा उघडतंय असं वाटतं. सगळ्याला त्या ‘अस्के’ म्हणतात, कशालाच्या जागी ‘कशाक’. मुलखाच्या बाहेर आपल्यासारखं थोडं आणि आपल्यासारखं नसलेलं थोडं, असं बोलणारं माणूस भेटणं हे माझं मोठं नशीब. मी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो, शाळेतल्यासारखं.

त्या दिवशी थेट त्यांच्या दारात गेलो.

“डॉक्टरनं अस्के सांगितल्यावर तू काय म्हणालास?”

“ओके म्हणालो, बाई.”

“कशाक?”

“सवयीनं.”

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मी घाईनं म्हणालो, “पुढच्या वेळी ‘प्लीज एक्सप्लेन’ म्हणू का?”

“मग ती तेच पुन्हा सांगेल. तितकंच लांब.”

“मग ‘सिंपल इंग्लिश, प्लीज’?”

“मग ती हळू बोलेल. अवघड गोष्ट हळू सांगितली म्हणून सोपी होत नाही रे.” त्यांनी एकेक शब्द माझ्यापुढं ठेवला, “कॅन यू ब्रेक इट डाउन फॉर मी?”

मी दोनदा म्हणून पाहिलं. तोंडाला बसलं, पण मनाला बसेना.

“ब्रेक म्हणजे मोडणं ना, बाई? मोडायचं काय?”

“तिनं सांगितलेलं.”

“आणि डाउन कशाला? खाली कुठं न्यायचं?”

“अप्पा,” बाई हसायला लागल्या, “तू माझ्या वर्गात असतास तर वर्ष संपलं असतं, पोर्शन संपला नसता!” मग म्हणाल्या, “तुमच्यात काय म्हणतात? फोड करून सांगा. मग? तिथं तू विचारलंस कधी, काय फोडायचं म्हणून?”

खरंच, नव्हतं विचारलं. जिना चढताना मला त्याचंच नवल वाटत होतं. इंग्रज मोडतो, आपण फोडतो. दुसऱ्या दिवशी समोरच्या चहावाल्याला विचारलं, तुमच्यात हे कसं म्हणतात? तो म्हणाला, ‘पुरियिर मादिरि सोल्लुंग.’ कळेल असं सांगा. यात मोडणं नाही, फोडणं नाही, सरळ कळण्याचीच मागणी. आमच्या कामात जाड कडं आलं तर ते कापून, तुकडे करून मगच मुशीत टाकतात, तेव्हा आपल्याला मोडण्याची भाषा जवळची वाटावी यात नवल नाही. पण डॉक्टरला ‘मोडा’ म्हणायचं? तिला वाटलं, हा माझ्या बोलण्यावर शंका घेतोय, तर? ती आमची फाइल बाजूला सारून पुढच्याला आत बोलवेल, तर?

बायकोनं तालीम घेतली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती डॉक्टरीण झाली. भरभर काहीतरी पुटपुटली आणि भुवया उंचावून म्हणाली, “ओक्के?”

“कॅन यू...”

“जोरात बोला की! माझ्या कानात काय तुमच्या भट्टीचा पंखा फिरतोय?”

मुलगी आमच्या दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. हसत होती.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाई तशाच भरभर बोलल्या. सपाट रेघ पुन्हा दाखवली. “ओके?”

माझी मान निम्मी हलून झाली होती. बायकोनं टेबलाखालून पाय दाबला.

“डॉक्टर, कॅन यू ब्रेक इट डाउन फॉर मी?”

त्या थांबल्या. मला वाटलं, झालं, पुडी उचलली. पण त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, “शुअर.” मग मला खुणेनं सांगितलं, दोन्ही तळवे कानांवर दाबा. घट्ट. मी दाबले. त्या बोलू लागल्या. ओठ हलत होते, आवाज येत होता, पण भिंतीपलीकडून यावा तसा. शब्दांना कडाच नव्हत्या.

त्यांनी माझे हात खाली घेतले. “युवर डॉटर हिअर्स लाइक धिस.”

मग एक तुकडा: कानाच्या पडद्यामागं पाणी साचलंय, म्हणून ती रेघ सपाट. मी विचारलं, “वॉटर? इनसाइड?” त्या म्हणाल्या, येस. दुसरा तुकडा: जीभ चांगली आहे, डोकं चांगलं आहे. तिसरा मीच मागितला, “थ्री लँग्वेज, प्रॉब्लेम?” त्या म्हणाल्या, नो, तीन काय, चार बोला, फक्त तिच्या समोर बसून, तोंड दिसेल असं बोला. चौथा: काही आठवडे वाट पाहू, पाणी ओसरलं नाही तर पडद्यात बारीकशी नळी बसवू. छोटं काम आहे.

प्रत्येक तुकड्यानंतर मी बायकोला मराठीत सांगत होतो आणि त्या थांबत होत्या. शेवटी मी विचारलं, “शी विल टॉक?”

“लेट हर हिअर फर्स्ट,” त्या म्हणाल्या. “देन ट्राय स्टॉपिंग हर.”

ते मात्र त्यांना फोडून सांगावं लागलं नाही.

परतीच्या मेट्रोत बायकोनं स्वतःचे कान दाबून धरले. एग्मोर स्टेशन येईपर्यंत तशीच बसली होती. हात काढल्यावर म्हणाली, “मी मागनं हाका मारत होते. ओ देत नाही म्हणून हट्टी म्हणत होते तिला.”

मग ती आसनावरून उतरली आणि गर्दीच्या पायांमध्ये, डब्याच्या जमिनीवर, मुलीच्या समोर मांडी घालून बसली. पिशवीतली बाटली वर धरून मोठ्यानं म्हणाली, “पाणी.” शेजारी बसलेल्या एका तमिळ मामींनी पाय आवरून तिला जागा करून दिली. “पा-णी.”

मुलगी वाकून आईच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला आणि बोटं आईच्या ओठांवर ठेवली, पुढचा शब्द कुठून निघतो ते बघायला.