कमीत कमी किती?

माय अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली, तेव्हा मी कंपनीत हातापाया पडून आमच्या गावी, ताडकळसला, घरून काम करायची परवानगी मिळवली. साहेब म्हणाला, "गिऱ्हाइकासमोर तुझं काम नीट चाललं तर राहा गावाकडं. नाहीतर सोमवारी पुण्यात ये." बा दिवसभर मेंढरांमागं. मी गेले तर मायला पाणी पाजायला घरात चिटपाखरू नव्हतं.

माझं काम सांगायला सोपं, करायला मेलं किचकट. गिऱ्हाइकाच्या कम्प्युटरवर ढिगानं प्रोग्राम चालू असतात. त्यातले कोणते मिळून बिलाचं काम करतात, कोणते मालाच्या साठ्याचं, हे नजर ठेवणाऱ्या यंत्राला आपोआप कळत नाही. त्याला टेम्प्लेट, म्हणजे रकान्यांचा एक ठरावीक तक्ता, भरून द्यायचं, की बाबा, अमक्या नावानं सुरू होणारे सगळे एका कळपातले. कळपातला एक जरी पडला तरी घंटी वाजव. मी भरलं, आणि माझी मीच लय खुश.

चाचणीच्या दुपारी पत्र्याखाली मायच्या खाटेला टेकून बसले, मांडीवर लॅपटॉप. गिऱ्हाईक म्हणजे औषधाचं मोठं गोदाम. तिथल्या माणसानं बिलाचा एक प्रोग्राम मुद्दाम बंद केला. घंटी गप, पडद्यावर हिरवा दिवा. दुसरा बंद केला. हिरवाच. "मॅडम, वाजंना का तुमचं?" साहेब फोनवर नुसता खाकरला. नावं तपासली, बरोबर. मशीन तपासलं, बरोबर. आरं वाज की मेल्या! मायनं चांगला हात माझ्या पाठीवर ठेवला. "ताप आला का गं?" म्हणाली. पार शेवटचा प्रोग्राम बंद झाला तेव्हा कुठं घंटी कोकलली. वरातीमागून घोडं!

मग दिसला तो रकाना: कमीत कमी किती चालू पाहिजेत. रिकामा. रिकामा सोडला की यंत्र एकच धरतं. कळपातला एक जिवंत असला तरी त्याच्या लेखी सगळं ठीक.

कपाळ माझं! आमच्या घरात मेंढरं मोजत नाहीत, मोजली की दृष्ट लागते. संध्याकाळी बा मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभा राहतो, एकेकीचं तोंड बघतो आणि कोण आली न्हाई ते सांगतो. लहानपणी आकडा विचारला की पाठीत धपाटा बसायचा. कळपाला आकडा घालायचा म्हटलं की अजून माझा हात अडखळतो. बघू नंतर, म्हणून तो रकाना सोडून पुढं गेले होते.

दुरुस्ती मिनिटाची होती. साहेबानं ऐकून घेतलं नाही.

"जा बाई," बा म्हणाला. "आमी हाव की. दुपारी शेजारची मावशी बघंल."

"तू कुठं हायस? तू तर रानात!" मी त्याच्यावरच खेकसले. तो काठी घेऊन मेंढरांकडं निघाला. सोमवारी मी पुण्याला गेले.

तिथून रोज फोन करायची. "सगळं ठीक हाय," बा सांगायचा. माय? "झोपलीय." मी फोन ठेवून कामाला लागायची.

एकदा ऑफिसात दुसरं टेम्प्लेट भरताना तोच रकाना समोर आला: कमीत कमी किती चालू पाहिजेत. उठून जिन्यात गेले, फोन लावला.

"बा, आज आधी मायचा आवाज ऐकव."

फोनात त्याच्या पाठीमागं मेंढरं ओरडत नव्हती, कुणीतरी पेशंटला हाका मारत होतं.

"बा, कुठं हायस तू?"

"परभणीला, दवाखान्यात. पुन्हा झटका आला तिला." मग म्हणाला, "तुझी नोकरी जाईल म्हणून सांगितलं न्हाई. आवाज कुठून ऐकवू बाई? तिची वाचाच गेली."

रोज एकट्या बाचा आवाज येत होता, आणि तेवढ्यावर मी अख्खं घर धडधाकट धरून चालले होते.

"फोन तिच्या कानाला लाव," मी म्हणाले. त्यानं लावला. मी नुसती "माय, माय" म्हणत रडत राहिले.